शनिवारचं रोस्टर

हज्जानांचं बोट शेवटच्या बाकापर्यंत गेलं आणि थांबलं. एक शब्द उरला होता.

आमच्यात, ज्यू लोकांत, माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. मोजलेल्या माणसांना दृष्ट लागते, असं जुने लोक म्हणतात. म्हणून हिब्रूमधलं दहा शब्दांचं एक वाक्य घ्यायचं आणि एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. वाक्य पुरं झालं की दहा जण झाले. हज्जान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. त्यांनी बोट खाली घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं.

मी वर बायकांच्या गॅलरीत होते. माझी मोजणी आधीच झाली होती. नऊ.

खाली पहिल्या बाकावर मोझेसकाका बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. त्यांच्या बायकोला, अबिगेलकाकूंना, जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं. आमच्या कॅलेंडरप्रमाणे तिथी नेमकी शनिवारी आली होती. वर्षाच्या तिथीला जवळच्या माणसाने कद्दिश म्हणायचा असतो. कद्दिश ही गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, पण तिच्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. अट एकच. समोर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष पाहिजेत. या दहांना मिन्यान म्हणतात. नऊ असले तर कद्दिश होत नाही. काकांना मूलबाळ नव्हतं. अबिगेलकाकूंसाठी कद्दिश म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

आणि मी तीन महिन्यांपूर्वी त्यांना म्हटलं होतं, "काका, दहा कशाला, बारा असतील."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते सांगायला हवं. कॉल सेंटर हा शब्द तेव्हा पुण्यात नवा होता. मी अशाच एका कंपनीत वर्कफोर्स प्लॅनर होते. म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, किती माणसं खुर्चीत बसलेली पाहिजेत ते ठरवायचं आणि तशी बसवायची. त्या तक्त्याला रोस्टर म्हणतात. दुसरा शब्द श्रिंकेज. पन्नास माणसं पगारावर असली तरी पन्नास कधीच येत नाहीत. कोणाला ताप येतो, कोणाचं लग्न ठरतं, कोणी न सांगता नोकरी सोडतो. ही गळती आधीच धरून वर थोडी माणसं ठेवायची, ती बफर. मला हे काम चांगलं जमायचं. माझी शिफ्ट रिकामी गेली असं फारसं झालं नाही, आणि याचा मला थोडाफार गर्वही होता.

सिनेगॉगच्या कमिटीवर मला नुकतंच घेतलं होतं. कमिटीवर बाई येण्याची आमच्याकडे पहिलीच वेळ. अध्यक्ष एझ्राकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. बैठकीत विषय निघाला की लागोपाठ तीन शनिवार आठच पुरुष आले. अर्धी मंडळी इस्रायलला गेली, उरलेली कोथरूड, वानवडी, वाघोली अशी पांगली. तरुण पोरं कंपन्यांत. शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, आणि कंपन्यांना तो कळण्याचं कारण नव्हतं.

"रिबका," एझ्राकाका म्हणाले, "तू ऑफिसात माणसांच्या ड्यूट्या लावतेस म्हणे."

"हो."

"मग आमच्याही लाव. आम्ही काय वेगळी माणसं आहोत का?"

मी लावल्या. रजिस्टरमध्ये अडतीस पुरुष होते. अंथरुणाला खिळलेले, परदेशी फिरतीवर असलेले आणि फक्त सणाला तोंड दाखवणारे वजा केले, सव्वीस राहिले. त्यांचे गट पाडले. प्रत्येक शनिवारी बारा जण ड्यूटीवर, म्हणजे दहा आणि दोन बफर. बाकीचे ऑफ. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत मी फोन करून खात्री करून घ्यायचे. महिन्याचा तक्ता छापून घरोघर पोचवला. ऑफचे चौकोन मी फिकट हिरव्या रंगात दिले होते. ऑफिसात तोच रंग लोकांना आवडायचा.

माझे बॉस देशपांडे सर. हौस म्हणून त्यांनाही तक्ता दाखवला.

"बफर किती?"

"दोन."

"बिनपगारी माणसांना दोन?"

"माणसं ओळखीची आहेत सर."

"ओळखीची माणसंच दांड्या मारतात. पण ठीक आहे, फॉरमॅट चांगलाय," ते म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

पहिल्या शनिवारी अकरा आले. मग बारा, मग पुन्हा अकरा. कमिटीने माझं अभिनंदन केलं. प्रार्थनेनंतर मनुकांचं सरबत वाटतात, त्याचा दुसरा पेला हज्जानांनी स्वतः आणून दिला. एक गोष्ट मला दिसत होती. पूर्वी एखाद्या शनिवारी आठ असायचे, पण एखाद्या शनिवारी सतराही असायचे. आता बारावर आकडा जात नव्हता. ऑफिसच्या भाषेत याला ओव्हरस्टाफिंग गेलं असं म्हणतात. मी तेच म्हटलं आणि खूश झाले.

तर तो शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी बाराच्या बारा जणांनी येतो म्हणून सांगितलं होतं. सकाळपर्यंत एकाला ताप भरला. एकाच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. एकाच्या कारखान्यात काहीतरी बंद पडलं, गाडी घ्यायला आली. बारातून तीन गेले. मी गळती दोनाची धरली होती.

जिन्यावरून खाली येऊन मी एझ्राकाकांना दाराशी गाठलं. "मी बाहेर जाऊन फोन करते. कोथरूडचे दोघं स्कूटरवर अर्ध्या तासात येतील."

आमच्यातले सगळेच सगळे नियम पाळत नाहीत. लांबचे लोक शब्बाथला स्कूटरवर येतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. पण फाटकाच्या आत फोन काढत नाहीत, आणि जुन्या घरांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत कोणी फोन उचलत नाही. माझी सगळी यंत्रणा फोनवर उभी होती. ज्या एकाच दिवशी फोन चालत नाही त्या दिवसासाठी मी ती उभी केली होती. हे मला तेव्हा, त्या दारात उभं राहिल्यावर कळलं. जन्मापासून शब्बाथ पाळणाऱ्या बाईला.

आमचं बोलणं मोझेसकाकांनी ऐकलं. ते उठून आले. "फोन नको," ते म्हणाले.

"काका, अहो, फाटकाबाहेर जाऊन करते."

"ती शब्बाथला गॅसचं बटण फिरवत नसे. आज तिच्यासाठी फोन फिरवायचे?" त्यांचा आवाज चढला नाही. "नाही झाले दहा तर नाही झाले. आता काय करणार?"

ते परत जाऊन बसले. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

मग मला बेंजामिनमामा आठवले. दोन गल्ल्या सोडून राहतात, चालत पाच मिनिटं. बँकेतून निवृत्त. तेव्हापासून एकही शनिवार न चुकवता येणारा माणूस. सगळ्यांच्या आधी येऊन खिडक्या उघडणार, पुस्तकं बाकांवर मांडणार. या शनिवारी मी त्यांना ऑफ दिला होता. गेल्याही शनिवारी. मी निघाले.

मामा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. दाढी केलेली नव्हती. मला बघून त्यांनी पेपराची घडी घातली नाही.

"मामा, चला ना. एक जण कमी पडतोय."

"माझी ड्यूटी पुढच्या शनिवारी आहे," ते म्हणाले. "कागद आत लावलाय मामींनी फ्रिजवर. बघायचाय?"

"अहो मामा, ऑफ असला म्हणून यायचं नाही असं थोडंच आहे?"

"असं कागदावर लिहिलेलं नाही. ऑफ लिहिलंय. बँकेत छत्तीस वर्षं काढली, मला ऑफचा अर्थ कळतो." मग पेपराकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, कमिटीला आता तरुण माणसं हवी असतील. बरोबर आहे. म्हाताऱ्यांनी कशाला दर आठवड्याला गर्दी करायची?"

 मामी आतून म्हणाल्या, "दोन महिने झाले, ऑफच्या शनिवारी सकाळी हे असेच बसलेले असतात. चहासुद्धा मागत नाहीत."

"आज अबिगेलकाकूंची तिथी आहे," मी म्हटलं.

मामा पेपर टाकून उठले. "हे आधी नाही का सांगायचं? आल्या आल्या म्हणे, एक जण कमी पडतोय! मी काय सुटे पैसे आहे?"

दाढी आणि कपडे यात पंचवीस मिनिटं गेली. दाढी न करता देवळात जाणं त्यांना मान्य नव्हतं, आणि घाई करा म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं. आम्ही फाटकात पोचलो तेव्हा डॅनियल हेल्मेट घालत होता. तो सकाळच्या नऊ जणांतला, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"सॉरी रिबकाताई. आमचं रिलीज आहे आज, अकराला क्लायंट कॉल आहे. मॅनेजरला मी साडेदहापर्यंतच सांगितलं होतं. थांबलो असतो, पण..."

तो गेला. मामा आत गेले. पुन्हा नऊ.

दहा नसले तरी प्रार्थना होते, काही भाग गाळावे लागतात. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून बाहेर काढता येत नाही. कद्दिश म्हणता येत नाही. हज्जानांनी ते भाग गाळले आणि प्रार्थना उरकली. मोझेसकाकांनी केळी आणि खजूर आणले होते. ते त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटले. मला देताना म्हणाले, "घे गं. तू तरी काय करणार?" 

एझ्राकाका काठी घेऊन पायऱ्यांवर उभे होते. "मिनहा किती वाजता आहे?" त्यांनी हज्जानांना विचारलं. मिनहा म्हणजे दुपारनंतरची प्रार्थना. तिला सहसा चार-पाचच जण असतात.

"पाच वाजता. सूर्यास्ताच्या आत संपवायला हवी."

"मग तिथी अजून आहे," एझ्राकाका म्हणाले. आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो. "रिबका, जेवून ये आणि मग चल माझ्याबरोबर. पायी जायचंय. आणि तो कागद पर्समध्येच ठेव."

दुपारी आम्ही निघालो. त्यांचा गुडघा दर दहा पावलांनी कुरकुरत होता आणि ते त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. चालत जाण्यासारखी सहा घरं होती. पहिलं शालोमकाकांचं. ते मिलिटरी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, घरात एक मोठा मुलगाही. दार उघडल्याबरोबर मी सुरुवात केली, "काका, पाच वाजता दहा जण व्हायला हवेत, सध्या..."

एझ्राकाकांनी काठी जमिनीवर आपटली. 

मग ते आत जाऊन ऐसपैस बसले. शालोमकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्याची चौकशी केली. पाणी प्यायले. सुनेला तिच्या माहेरचं विचारलं. मी घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "आज अबिगेलला वर्ष झालं."

"झालंही वर्ष?" शालोमकाका म्हणाले. "तिच्यासारखं कीर्तन पुन्हा ऐकलं नाही हो." आमच्यात बायबलमधल्या गोष्टींवर मराठी कीर्तनं करायची पद्धत होती. काकू हार्मोनियम घेऊन बसायच्या. "योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकतात तिथे ती थांबायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या."

"मोझेस पाच वाजता कद्दिश म्हणणार आहे," एझ्राकाका म्हणाले आणि उठले. या असं काही म्हणाले नाहीत.

जिना उतरताना मी विचारलं, "काका, नक्की येतात का ते विचारायचं तरी."

"विचारलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणायची सोय आपण कशाला करून द्यायची?"

"पण किती येणार हे आपल्याला कळणार कसं?"

"पाच वाजता कळेल."

"आणि मी आकडा सांगत होते तर थांबवलंत का?"

"माणसं कमी पडतायत म्हणून बोलावलेलं कोणाला आवडतं?" ते कठड्याला धरून थांबले, दम घेतला. "मी सव्वीस वर्षं हेच करतोय. टेलिफोन खात्यातला माणूस, पण यासाठी फोन कधी केला नाही. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून तुला सांगितलं. मला वाटलं, तुझ्याकडे काहीतरी नवीन असेल."

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. या माणसाने शनिवारच्या मिन्यानसाठी काही केलेलं कमिटीत कोणाला माहीतच नव्हतं. ते आठवड्यातून दोनदा लोकांकडे चहाला जातात एवढंच आम्हाला माहीत होतं. लागोपाठ तीन शनिवार आठ आले ते त्यांचा गुडघा सुजला होता त्याच महिन्यात. मी तीन महिने आकडे मांडत होते आणि हा एक आकडा मी मांडला नव्हता.

सहा घरांतलं एक बंद होतं. एका घरी एझ्राकाका बटाटेवडा खात अर्धा तास बसले आणि अबिगेलकाकूंचा विषय घरातल्या आजींनीच काढला. आम्ही परतलो तेव्हा पावणेपाच झाले होते.

मी गॅलरीत जाऊन बसले. मोझेसकाका त्याच बाकावर होते, तोच शर्ट, आता थोडा चुरगळलेला. बेंजामिनमामांनी खिडक्या उघडल्या होत्या. शालोमकाका डोळ्यांवर काळा चष्मा लावून मुलाचा हात धरून आले. मागोमाग आणखी दोघं. मग नाना पेठेतले तिघं भाऊ आले. त्यांच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो. तिघांतले दोघं माझ्या सव्वीसांतही नव्हते, मी त्यांना सणापुरते म्हणून वगळलं होतं. त्यांना मामा दुपारी जाऊन सांगून आले होते, चालत, जाऊन-येऊन तासभर. वाक्यातले शब्द संपले तरी माणसं येत होती. शेवटी पंधरा झाली. त्यांतली त्या दिवशी ड्यूटीवर असलेली पाच.

मोझेसकाका कद्दिश म्हणायला उभे राहिले. पहिल्या ओळीला आवाज फुटेना. मामा शेजारी उभे होते, त्यांनी हळू आवाजात पहिला शब्द दिला. मग काकांनी पुढचं सगळं एका दमात म्हटलं, आणि प्रत्येक ओळीला पंधरा जणांचं आमेन आलं. मी रडले. शेजारी बसलेल्या मामींनी मला रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

सोमवारी देशपांडे सरांनी विचारलं, "काय, तुमच्या देवळाचं रोस्टर कसं चाललंय?"

"बंद केलं."

"का? अटेंडन्स पडला?"

"नाही. मी ज्यांना सुट्टी दिली ते दुखावले."

 "आपल्याकडे ही तक्रार येण्याची शक्यता कमी आहे," सर म्हणाले.

रोस्टरवर माझा राग नाही. पुढे चौदा वर्षं मी त्याच कामाची भाकरी खाल्ली. सिनेगॉगमध्ये मात्र मी बुधवारी आणि गुरुवारी लोकांकडे चहाला जाऊ लागले. कधी सोळा येतात, कधी दहा, दोन-तीनदा नऊच आले आणि त्याला इलाज नव्हता. एझ्राकाकांनंतर अध्यक्षपद मामांकडे आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे आलं. मला मिन्यानमध्ये धरत नाहीत. चहाला धरतात.

त्या शनिवारी सूर्यास्तानंतर फाटकापाशी मोझेसकाकांनी मला थांबवलं होतं. खिशातून माझा तक्ता काढला, चष्मा लावला, बोट फिरवत पुढचा शनिवार शोधला.

"यात मला ऑफ आहे," ते म्हणाले. "मी येणार आहे. शनिवारी घरी एकट्याने बसवत नाही मला."

लोक जिथे आपणहून येतात, तिथे त्यांना सुट्टी द्यायला जाऊ नये.